सर्वानुमते नाही, बहुमताने

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पाऊण तासासाठी विरोधी पक्षनेती झाले होते. यवतमाळला युवा संसदेची स्पर्धा होती आणि कळंबच्या आमच्या कॉलेजातून एक चमू जाणार होता. राज्यशास्त्राच्या सरांनी भूमिका वाटल्या त्या दिवशी आमची एसटी उशिरा आली. मी वर्गात पोहोचले तेव्हा सरकार बनून गेलं होतं. पंतप्रधान माझी मैत्रीण झाली होती. ती आमच्याच गावची, पण आदल्या दिवशी कळंबला मावशीकडे मुक्कामाला होती म्हणून वेळेवर पोहोचली. गृह, अर्थ, कृषी, सगळी खाती संपली होती. उरली होती समोरची बाकं, आणि तिथं बसायला कोणी तयार नव्हतं. सर म्हणाले, तू बोलते बरी, तू तिकडे बस.

संवाद सरांनीच लिहून दिले होते. शपथविधी, शोकप्रस्ताव, प्रश्नोत्तरांचा तास, मग एक विधेयक. विधेयकाला मी दहा मिनिटं विरोध करायचा, मग अध्यक्षांनी मत विचारायचं आणि होय म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा निघायचा. तालमीत मी एकदा सरांना विचारलं, माझं ऐकून तिकडच्या एखाद्याला पटलं तर? सर म्हणाले, पटणार नाही, तसं लिहिलेलं नाही. वर्ग हसला, मीही हसले. पण यवतमाळच्या सभागृहात बोलून खाली बसले तेव्हा डोक्यात एकच होतं, हे काम आपल्याला जमतं. तोवर कोणत्याच कामाबद्दल मला असं वाटलं नव्हतं. आमचा नंबर मात्र आला नाही.

त्या दिवसापासून आम्ही दोघी राजकारणावर बोलायला लागलो. एसटीत, थांब्यावर, आमच्या चक्कीसमोर. बाबांची पिठाची चक्की आहे. दळण चालू असलं की मोठ्यानं बोलावं लागतं, त्यामुळे आमचं सगळं राजकारण अर्ध्या गावाला ऐकू जायचं. गावात वीस-बावीस पोरंपोरी अशी होती की कोणी पोलीस भरतीची, कोणी बँकेच्या परीक्षेची तयारी करत होतं आणि बसायला जागा नव्हती. मुलं देवळाच्या ओट्यावर बसायची. मुलींना तेही नव्हतं. जुन्या ग्रामपंचायतीच्या दोन खोल्या मात्र नवीन इमारत झाल्यापासून कुलूप लावून पडल्या होत्या. तिथं अभ्यासिका व्हावी म्हणून आम्ही अर्ज दिला. मग दुसरा दिला. दोन्ही अर्जांवर ग्रामसेवकांनी आवक क्रमांक टाकला आणि ते फाइलीत गेले.

बी.ए. झाल्यावर मैत्रीण पुण्याला गेली. तिच्या भावानं तिथं खोली केली होती. मी थांबले, कारण आईचं पाठीचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं. खरं सांगायचं तर मला जायचंही नव्हतं.

त्याच हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि एका सकाळी सरपंच चक्कीवर आले. त्यांना सगळे भाऊच म्हणत. साठीचा माणूस, पांढरा शर्ट, बोलणं हळू. गावात कोणाच्याही घरी मयत झाली तर सगळ्यात आधी पोहोचणारे. त्यांनी बाबांना चक्की बंद करायला सांगितली. आमच्या वॉर्डातली एक जागा सर्वसाधारण महिलेसाठी निघाली होती. बाबांना वाटलं, आईबद्दल विचारायला आले. भाऊ म्हणाले, "वहिनीले कायले तरास देता? पोरगी आहे नं शिकलेली. एकवीस पूर्ण झाले का तिले?"

झाले होते, दोन महिन्यांपूर्वी.

ग्रामपंचायतीत पक्ष नसतो, पॅनल असतं. भाऊंच्या पॅनलमधून मी उभी राहिले. चिन्ह मिळालं शिवणयंत्र. मला टाका घालता येत नाही, त्यावरून आई महिनाभर हसली. प्रचारात मी एकच गोष्ट बोलले: जुन्या खोल्यांची अभ्यासिका. आणि ते वीस-बावीस जण माझ्यासाठी असे धावले, की तसे दिवस परत आले नाहीत. त्यांनी मोबाइलवर माझे फोटो टाकले, म्हाताऱ्यांना मशीनवरचं चिन्ह समजावून सांगितलं, कापूस वेचायला गेलेल्यांना शेतातून बोलावून आणलं. मी निवडून आले तेव्हा त्यांनी मला गुलालानं इतकं माखलं की आईनं मला मागच्या दारानं घरात घेतलं. मी पुण्याला फोन लावला. मैत्रीण रडायलाच लागली. म्हणाली, तू खरी झाली, मी खोटी पंतप्रधान होते.

पहिल्या मासिक सभेला मी वही-पेन घेऊन अर्धा तास आधी जाऊन बसले. शिपायानं विचारलं, कोणाले भेटाचं आहे? मग त्याच्या लक्षात आलं.

आम्ही नऊ सदस्य होतो. त्यांत बाया पाच. एकीचे पती तिच्या खुर्चीच्या मागे उभे राहत आणि तिच्याऐवजी बोलत. दुसऱ्या एक वयस्क काकू होत्या. त्या यायच्या, हजेरीच्या रजिस्टरवर सही करायच्या आणि म्हणायच्या, घरी मजूर जेवायचे आहेत, माझं हो समजा. बाकीच्या दोघी बसायच्या, चहा घ्यायच्या, मान डोलवायच्या. वाईट कोणीच नव्हतं. मला बसायला चांगली खुर्ची दिली, भाऊ माझ्याकडे बघून "आमची सगळ्यात शिकलेली मेंबर" म्हणाले. ग्रामसेवक विषय वाचायचे, कोणीतरी सूचक व्हायचं, कोणीतरी अनुमोदक, आणि ग्रामसेवक वाक्य पूर्ण व्हायच्या आतच लिहायचे: सर्वानुमते मंजूर. एकदा मी त्यांची इतिवृत्ताची वही मागून घेतली आणि मागची पानं चाळली. पान पान, सभा सभा, सर्वानुमते. इतक्या वर्षांत एकाही माणसाचं एकाही गोष्टीवर वेगळं मत झालं नव्हतं. मी वही परत दिली. ग्रामसेवक म्हणाले, मॅडम, गावात एकोपा आहे.

अभ्यासिकेचा विषय मी दर सभेला काढायची. भाऊ म्हणायचे, करू, छताचं काम आहे, करू.

पण मला एकटं पाडलं ते सभेनं नाही. निवडून आल्यावर दोन-तीन महिन्यांतच माझ्या वयाच्या लोकांचं माझ्याशी बोलणं बदललं. ज्या मुली मला नावानं हाक मारायच्या त्या "मेंबर" म्हणायला लागल्या, आधी गमतीनं आणि मग सवयीनं. मी हातपंपाजवळ गेले की बोलणं थांबायचं. कोणाची नाली तुंबली, कोणाचं राशन कार्ड अडलं, हेच विषय उरले. लग्नाची गोष्ट, सिनेमाची गोष्ट, कोण कोणाला बघतो ही गोष्ट मला कोणी सांगेना. एकदा मी मुद्दाम एका शेजारणीला विचारलं, काय चाललंय मग? ती म्हणाली, आमच्याकडचा लाइट गेला आहे दोन दिवसांपासून. मी वायरमनला फोन लावला. ती गेली.

मी तरुणांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप केला होता. साठच्या वर लोक होते त्यात. दर सभेनंतर काय विषय झाले ते मी लिहून टाकायची, साध्या भाषेत, एकेक मुद्दा सोडवून. खाली अंगठे यायचे. मी लिहायची, पुढच्या ग्रामसभेला या, तुम्हाला बोलायचा हक्क आहे, अठरा वर्षं झालेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. पुन्हा अंगठे. पहिल्या ग्रामसभेला त्यांतले तिघं आले, दुसरीला एक. तिसरीला मी वाट बघत राहिले आणि मग सभा कोरमअभावी तहकूब झाली. संध्याकाळी मी ओट्यावर बसलेल्या मुलांना जाऊन विचारलं, काहून नाही आले रे? त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. त्यांच्यातला एक म्हणाला, "तुम्ही आहात नं ताई तिथं. आम्ही येऊन काय करू?"

तो चिडून बोलला नव्हता. त्याचा माझ्यावर भरवसा होता. घरी येताना मला पहिल्यांदा वाटलं की मला निवडून देऊन हे सगळे मोकळे झाले आहेत. जे काम मिळून करायचं होतं ते त्यांनी माझ्या अंगावर टाकलं होतं, आणि वर कौतुकही केलं होतं.

दुसऱ्या वर्षी, पोळा होऊन गेल्यावर, मासिक सभेची नोटीस आली. विषय क्रमांक सहा: जुन्या इमारतीच्या दोन खोल्या खत-बियाण्यांच्या गोदामासाठी वापरायला देणे. ज्यांना द्यायच्या होत्या ते कृषी केंद्रवाले भाऊंच्या नात्यातले. आणि ते गावालाही लागणारेच होते. पेरणीच्या वेळी अर्ध्या गावाला त्यांच्याकडूनच खत उधारीवर मिळायचं.

मी ग्रुपवर नोटिशीचा फोटो टाकला आणि लिहिलं, सभेच्या आधी आपण सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन देऊ. त्या दिवशी अंगठे कमी आले. तरी संध्याकाळी सातआठ जण आमच्या चक्कीच्या ओसरीत जमले. निवेदन मी लिहून ठेवलं होतं. कागद फिरला, पण पहिली सही कोणी करेना. प्रत्येक जण वाचायचा, चांगलं लिहिलं म्हणायचा आणि पुढच्याला द्यायचा. मग एका मुलीनं सुचवलं, गोल सह्या करू, कोणाची पहिली ते समजणार नाही. सगळे हसले, मोकळे झाले, आणि कागदाच्या मधोमध गोल काढून चार जणांनी सह्या केल्या. बाकीचे म्हणाले, उद्या करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चारांतले दोघं आले. वेगवेगळे आले, पण सही मागे घ्यायची हेच सांगायला. एकाचे वडील म्हणाले होते, रब्बीचं खत उचलायचं आहे, आताच कायले वाकडं घेता? दुसऱ्यानं कारण सांगितलंही नाही. तो कागदाकडे बघत उभा राहिला. मी पेन दिलं. त्यानं आपलं नाव इतकं खोडलं की तिथं कागद फाटला.

तो कागद मी सभेला नेला नाही. दोन सह्या नेऊन त्या दोघांनाच उघडं पाडल्यासारखं झालं असतं.

सभेत विषय सहावर यायला बारा वाजले. सूचक उभे राहिले, अनुमोदक उभे राहिले, ग्रामसेवकांचं पेन चालायला लागलं. मी म्हणाले, माझा याला विरोध आहे. आवाज नीट निघाला नाही. पेन थांबलं नाही. मी उभी राहिले आणि परत बोलले.

"माझा विरोध आहे. तिथं सर्वानुमते लिहू नका. बहुमताने लिहा, अन् विरोधात माझं नाव लिहा."

पतीच्या पुढे बसणाऱ्या सदस्य बाई वळून माझ्याकडे बघायला लागल्या. ग्रामसेवकांनी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, कारण सांग. मी सांगितलं, निवडणुकीत आपण काय बोललो होतो ते, दोन अर्जांचे आवक क्रमांक, गावात पंधरा ते पंचवीस वयाची किती मुलं आहेत ते. पाचेक मिनिटं बोलले असेन. यवतमाळच्या सभागृहापेक्षा किती तरी वाईट बोलले. मध्येच काकूंनी विचारलं, माझं हो समजलं नं? मला घाई आहे.

हात वर झाले, आठ. विरोधात कोण, असं भाऊंनी रीतसर विचारलं आणि मी हात वर केला. माझ्या हाताकडे सगळे बघत असताना तो किती वेळ वर ठेवायचा असतो, हे मला कळेना. शेवटी भाऊच म्हणाले, "लिहिलं बेटा. घे खाली."

त्या दिवशी ते चक्कीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले. बाबांनी खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "विरोध कराचा होता तं घरी येऊन कराचा होता. मी आयकलं नसतं का? सभेत काहून?"

मी म्हणाले, भाऊ, सभा त्याच्यासाठीच आहे.

त्यांना राग आला नाही. वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाले, मी तुले लेकीसारखी उभी केली. एवढं बोलून ते गेले. मला रागावलेला माणूस परवडला असता.

पुढचे पंधरा दिवस चक्कीवर दळण कमी आलं. कोणी ठरवून केलं असं नाही म्हणता येणार. दुसरी चक्की तीन किलोमीटरवर आहे आणि हळूहळू सगळे परत आले. बाबांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. एकदा जेवताना मी विषय काढला तेव्हा म्हणाले, "तू बरोबर असशीन. पण ताटावर ते नको." मग आम्ही तिघं टीव्हीकडे तोंड करून जेवायला लागलो. पुण्याला मी फोन केला. मैत्रिणीला बँकेत नोकरी लागली होती, तिच्या मागे खूप आवाज येत होता. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, दोन खोल्यांसाठी एवढं कशाला? मग ते अर्ज आपण दोघींनीच दिले होते हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, नाही, बरोबर केलं तू. पण त्यानंतर आमचे फोन वाढदिवसापुरते राहिले.

ग्रुपवर मी त्या सभेचा वृत्तांत लिहिला नाही. कोणी मागितलाही नाही.

त्या हिवाळ्यात मतदार नोंदणीची मोहीम आली. अंगणवाडीच्या ताईंकडे आमच्या भागाच्या यादीचं काम होतं आणि त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून मी त्यांच्याबरोबर घरोघरी फिरायला लागले. कोणाला अठरा पूर्ण झाले ते विचारायचं, फॉर्म भरून घ्यायचा, फोटो घ्यायचा. मला ते काम आवडायचं. त्यात समोरच्यानं माझं काही ऐकायचं नव्हतं, फक्त जन्मतारीख सांगायची होती.

आमच्या ग्रामपंचायतीत गावापासून थोडा लांब, नाल्यापलीकडे, एक बंजारा तांडा येतो. तिथं एका घरी एक मुलगी बारावी झालेली होती. ती घरात आपल्या आईशी, याडीशी, गोरबोलीत बोलत होती आणि आमच्याशी मराठीत, मध्ये न अडखळता. तिनं फॉर्म स्वतः भरला, वाचून सही केली. मग विचारलं, "ताई, हे कार्ड फक्त निवडणुकीच्याच दिवशी कामी येते का?"

ताई म्हणाल्या, बँकेत पण चालते. मुलीनं मान हलवली, पण तिला ते विचारायचं नव्हतं. मी तिथंच खाली बसले आणि तिला ग्रामसभेबद्दल सांगितलं. वर्षातून किती होतात, नोटीस कुठं लागते, कोण बोलू शकतं. मला वाटतं, मी अर्धा तास बोलत असेन. तिनं विचारलं, अन् मी बोलली तं लिहितात का? मी म्हणाले, तुला लिहून घ्यायला लावावं लागेल. तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

ती प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या महिला सभेला आली. दाराजवळ बसली, काही बोलली नाही. ग्रामसभेला आली, बोलली नाही. मे महिन्यातही आली. दर वेळी सभा झाली की मी तिला नाल्यापर्यंत सोडायला जायची. वाटेत ती प्रश्न विचारायची. ठराव झाला पण काम झालं नाही तर कोणाला विचारायचं? आराखडा म्हणजे काय, तो कोण बनवतं? सरपंचाला नाही म्हटलं तर काय होते? त्या शेवटच्या प्रश्नाला मी तिला माझ्या सभेची गोष्ट सांगितली, ओसरीतल्या कागदासकट. गावात मी ती कोणालाच पूर्ण सांगितली नव्हती. ती म्हणाली, तुम्हाले भीती वाटली का? मी म्हणाले, नंतर वाटली.

त्या वाटेवरच्या बोलण्यानं मला जी सोबत झाली, ती मी किती धरून बसले होते हे तेव्हा मला समजत नव्हतं. मी मनात पुढचं सगळं मांडून टाकलं होतं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाचा आराखडा येणार होता. मी अभ्यासिकेची नवी खोली मांडणार आणि ती माझ्या बाजूनं उभी राहणार, असं मी धरूनच चालले होते. तिला तसं विचारलं मात्र नव्हतं.

त्या दिवशी पाऊस उघडला होता. झेंडावंदन झाल्यावर सभा शाळेच्या मोठ्या खोलीत भरली आणि कधी नव्हे तो कोरम झाला, कारण त्याच सभेत घरकुलांची यादी वाचायची होती. आराखड्याचा विषय आला तेव्हा मी बोलले. या वेळी चांगलं बोलले, मला माहीत आहे. भाऊंनीही मान डोलवली. म्हणाले, चला, खोलीचं घेऊन टाकू, कोणाचं काही म्हणणं आहे का?

दाराजवळ ती उभी राहिली. मला आनंद झाला.

"माझं म्हणणं आहे," ती म्हणाली. "ताईचं मले पटत नाही. तांड्याच्या पोरींसाठी खोली नाही, पहिले नाला ओलांडाले रपटा पायजे. पाऊस आला की आमची शाळाच बुडते. अभ्यासिकेत येणार कोण?"

तिच्या हातात कागद होता. मागच्या पावसाळ्यात नाल्याला पाणी असल्यामुळे तांड्यातली मुलं किती दिवस शाळेत आली नाहीत, ते तिनं शाळेच्या हजेरीतून मुख्याध्यापकांना विचारून लिहून आणलं होतं. दिवस, वर्ग, मुलं. तिनं सगळं वाचलं. मध्ये ती थांबली नाही. मागे तिच्या तांड्यातली सातआठ पोरंपोरी उभी होती. मी सभेत आत आले तेव्हा ती पोरं मला दिसलीच नव्हती.

मत घेतलं. माझ्या खोलीसाठी आधी हात वर करायला सांगितले. मी केला, कारण मला ती खोली अजूनही हवी होती. आणखी दोन हात झाले. मग रपट्यासाठी हात झाले, आणि ते मोजायची गरज पडली नाही. दाराशी उभ्या असलेल्या पोरांनी दोन्ही हात वर केले होते. ग्रामसेवक म्हणाले, एकच हात करा रे.

ती बाहेर माझी वाट बघत होती. नाल्याकडे आम्ही नेहमीसारख्या निघालो. मला राग आला होता. तिचं बरोबर होतं हे मला सभेतच कळलं होतं, तरी राग होता. इतक्या दिवसांत या वाटेवरून दर सभेनंतर येऊन मला तो नाला दिसला नव्हता. मी तिथून तिला परत पाठवायची आणि माघारी फिरायची. शेवटी तिनंच विचारलं.

"ताई, राग आला का?"

"आला."

"लय?"

मी म्हणाले, आज आहे, उद्या नसेल. तू मला आधी सांगितलं काहून नाही?

ती म्हणाली, सांगतलं असतं तं तुम्ही मले समजावलं असतं. तुमच्यासमोर मले बोलता येत नाही. सभेत येते.

नाल्याला गुडघाभर पाणी होतं. ती चप्पल हातात घेऊन पलीकडे गेली, तिच्या मागे ती बाकीची पोरं. पलीकडून त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी अलीकडे उभी राहिले. मला आठवतं, मी तेव्हा रडले. वाईट वाटून की बरं वाटून, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. इतके दिवस मला वाटायचं, तरुण माणसं सभेला आली की माझं एकटेपण जाईल. ती आली होती. ती माझ्यासाठी आली नव्हती, आणि तसं यावं असंच मी दारोदार सांगत फिरले होते.

रपटा व्हायला दीड वर्ष लागलं. ठराव मंजूर असून काम का होत नाही हे विचारायला ती मुलं कळंबच्या पंचायत समितीत किती वेळा गेली ते मला माहीत नाही; एकदा त्यांनी मला बरोबर नेलं होतं, बाकी वेळा आपली आपण गेली. भाऊंनी त्या कामाला स्वतः लक्ष घातलं. उद्घाटनाला त्यांनी नारळ तिच्या हातून फोडवला. माझ्याशी ते नीट बोलतात, घरचं विचारतात, पण चक्कीवर येऊन बसत नाहीत. जुन्या खोल्यांत अजून खतच आहे.

माझी मुदत संपली. पुढची निवडणूक लांबली, पंचायतीवर प्रशासक आले, आणि आरक्षण बदलल्यानं आमच्या वॉर्डातली जागा आता माझ्यासाठी नाही. मी कळंबच्या एका खासगी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. ती मुलगी नर्सिंगला यवतमाळला गेली. सुट्टीत आली की भेटते, पण आता तिच्या बोलण्यात वॉर्ड, ड्यूटी, होस्टेल असतं. मागच्या वेळी तिनं मला सांगितलं की होस्टेलच्या मेसबद्दल तिनं एकटीनं लेखी तक्रार दिली आणि आता दोन मुली तिच्याशी बोलत नाहीत. मी विचारलं, मग? ती म्हणाली, मग काय, जेवण सुधरलं थोडं. त्या दोन मुलींचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

ग्रामसभेला मी अजून जाते, साधी मतदार म्हणून. गेल्या खेपेला कोरम झाला नाही. ग्रामसेवक नवीन आहेत, तरुण आहेत, मला ओळखत नाहीत. त्यांनी अर्धा तास वाट बघितली, सभा तहकूब केल्याचं लिहिलं आणि मला म्हणाले, मॅडम, तहकूब सभेला कोरम लागत नाही, पुढच्या वेळी आल्या नाहीत तरी चालेल. मी तारीख विचारून घेतली आणि घरी आले. आई पाठीला शेक घेत बसली होती. तिनं विचारलं, कोण कोण होतं? मी सांगितलं, आम्ही पाच जण होतो, आणि भाजी निवडायला घेतली.